याकोब टेलरची साक्ष

दारव्ह्याच्या स्टेशनावर मला पोचवायला बाबांशिवाय कोणी आलं नव्हतं. एकोणीसशे साठ सालचा जानेवारी महिना होता. सकाळची छोटी गाडी मूर्तिजापूरला जाणार होती, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर आणि पुढं दुर्ग. माझा मामा भिलाईला नव्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला लागला होता. तोच मला न्यायला आला होता. तो डब्यात जागा धरायला गेला आणि फलाटावर मी आणि बाबा दोघंच उरलो.

आमच्या आठ ख्रिस्ती घरांच्या मंडळीची एक रीत होती, तुम्हा मंडळीतल्यांना आठवत असेल. वस्तीतली पोरगी नर्सिंग शिकायला निघो की पोरगा शाळामास्तर व्हायला, आठही घरं स्टेशनापर्यंत यायची. फलाटावर गोल करून एक गीत म्हणायची, दानियेल काका डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करायचे, गार्ड शिट्टी वाजवून थकायचा. त्या सकाळी मी ट्रंक घेऊन वस्तीतून निघाले तेव्हा एकाही दाराची कडी वाजली नाही. आत माणसं होती. चुलींचा धूर निघत होता. मला पाहून फक्त कुत्री उठली.

बाबांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेला आईचा नवा करार काढला आणि माझ्या हातात दिला. आई मी बारा वर्षांची असताना गेली होती. बाबा म्हणाले, "वाचत जाय. अन् वाचलेलं अंगाले लागू दे."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं होतं. लहानपणी मी घडाघडा अध्याय म्हणून दाखवला की ते शिलाई थांबवून विचारायचे, "वाचून राह्यली ते बरं हाये, पन अंगाले लागून राह्यलं काय?" जसं काही जेवणच.

मी म्हणाले, "ज्या पुस्तकानं माह्यं घर मोडलं ते मी कायले वाचू?"

मी डब्यात चढले. गाडी हलली. मी खिडकीतून हात काढला नाही. मी त्यांना समोरासमोर बोललेलं ते शेवटचं वाक्य. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं मी तुम्हाला पुष्कळ बोल लावणार आहे आणि मी स्वतः धुतल्या तांदळासारखी नाही हे तुम्हाला कळलेलं बरं.

गावाचं नाव लिहीत नाही. बोरी अरबपासून तीन कोसांवर, नदीच्या अलीकडं. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. गावाबाहेर जुनी वस्ती आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर आमची आठ घरं. माझ्या पणजोबांच्या पिढीत जुन्या वस्तीतलेच काही लोक ख्रिस्ती झाले. पाटलाच्या आजोबांनी त्यांना पडीक तुकडा राहायला दिला. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. त्या तुकड्यावर घरं उठली, प्रार्थनेचं कौलारू देऊळ उठलं, मागं दफनभूमी झाली. रक्ताचं नातं मात्र जुन्या वस्तीशी राहिलं. तिथल्या किसनकाकाचे आजोबा आणि माझे पणजोबा चुलतभाऊ होते.

बाबा मिशनच्या शाळेत शिलाई शिकले होते. सगळे त्यांना याकोब टेलर म्हणायचे. बोरी अरबच्या बाजाराला मशीन घेऊन बसायचे, बाकीचे दिवस घरच्या ओसरीवर. अक्षरओळख त्यांना विशीत झाली. त्यामुळं वाचताना बोट ओळीवरून सरकायचं आणि ओठ हलायचे. रोज सकाळी मशीनला तेल घालायच्या आधी एक अध्याय. त्याबद्दल ते कुणाला उपदेश करत नसत. ते काम दानियेल काकांचं. दानियेल काका मंडळीचे पंच. त्यांच्या घरी मोठं बायबल होतं, लाल मखमलीत गुंडाळलेलं, आणि ते उघडायच्या आधी हात धुवावे लागत. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर यायचे, बाकी रविवारी उपासना काकाच चालवायचे. त्यांचा आवाज खरंच सुंदर होता. हेही खरं म्हणून लिहिते.

त्यांचा मुलगा शमुवेल दारव्ह्याला शाळेत मास्तर होता. त्याच्याशी माझं ठरलं होतं.

छप्पन साली दसऱ्याला जुन्या वस्तीतली निम्मी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, उरलेली त्या वर्षभरात बौद्ध झाली. देव्हाऱ्यातले देव नदीत गेले. मेलेलं जनावर ओढायचं बंद झालं. संध्याकाळी म्हातारी माणसंसुद्धा कंदिलाभोवती बसून पाटीवर अक्षरं गिरवू लागली. दानियेल काकांना ते आवडलं नाही. "आपलं अन् त्यायचं आता येगळं," असं ते म्हणाले. बाबांनी मात्र दीक्षा घेऊन आलेल्या सगळ्यांचे पांढरे सदरे शिवले.

किसनकाका एकदा माप द्यायला आला तेव्हा म्हणाला, "याकोबदादा, तुम्ही बी या ना आमच्यात."

बाबा तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाले, "मी तं तुमची वाट पाहून राह्यलो होतो, आमच्यात येसान म्हनून."

दोघंही हसले. त्यानंतर तो विषय कुणीच काढला नाही.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात पाटलाचा बैल मेला. किसनकाकाला बोलावणं आलं. त्यानं निरोप पाठवला की हे काम आता आम्ही करत नाही. बैल दोन दिवस गोठ्यामागं पडून राहिला. तिसऱ्या दिवशी बोरी अरबचा बाजार होता. तिथून परतताना नाल्याच्या उतारावर धाकटा पाटील, त्याचा गडी आणि आणखी एक जण, अशा तिघांनी किसनकाकाला गाठलं. कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडला, डोकं फुटलं.

बाबा मशीन बैलगाडीत देऊन मागून पायी येत होते. त्यांनी पाहिलं. ओरडत धावले. ते तिघं निघून गेले. बाबांच्या बोचक्यात शमुवेलच्या साखरपुड्याचा शिवून तयार असलेला सदरा होता. तो फाडून त्यांनी किसनकाकाचं डोकं बांधलं आणि त्याला पाठीवर घेऊन गावापर्यंत आणलं.

जुन्या वस्तीतल्या लोकांनी पोलिसांत तक्रार दिली. पण मारताना पाहिलेला माणूस एकच, आणि तो जुन्या वस्तीतला नव्हता. म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन होतं. बाबांनी पोलिसांना पाहिलं ते सांगितलं. त्यांना त्यात मोठं काही वाटलं नाही. घरी येऊन ते कुणाच्या तरी चोळीला बाह्या लावत बसले.

पाटलाकडचा माणूस दानियेल काकांकडं आला तो आठवड्याभरानं. निरोप सरळ होता. याकोबनं कोर्टात सांगावं की अंधार होता, माणसं ओळखू आली नाहीत. नाही सांगितलं तर आठ घरं आपली कौलं काढून घेऊन निघोत.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर कुणी उठलं नाही. तुम्ही सगळे होता तिथं. तुमच्यातल्या कुणाला आता आठवत नसेल तर मी आठवण करून देते, कारण मी बायकांच्या बाजूला पहिल्या सतरंजीवर बसले होते आणि मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

दानियेल काका म्हणाले, "याकोब, देव मनातलं पाह्यते. कचेरीत तोंडानं काय म्हटलं ते कोन मोजते?"

बाबा म्हणाले, "तिथं त्याच पुस्तकावर हात ठेवा लागते, दादा."

"आठ घरं हायेत. लेकरं हायेत. उघड्यावर पडतीन."

"मी पाह्यलं. आता न पाह्यल्यासारखं कसं करू?"

"किसन आपला हाये काय? त्यानं आपला मार्ग घेतला, आपला आपन पाहावा."

मग एकेक जण बोलू लागला. कुणाचं घर नुकतंच सारवून झालेलं, कुणाची बायको बाळंत व्हायची. कुणी आपल्या आईची कबर मागं आहे म्हणालं. सगळं खरं होतं. शेवटी दानियेल काका म्हणाले, "तुह्यी पोरगी माह्या घरात यायची हाये. तेवढं ध्यानात ठेव."

त्या देवळात ते म्हणाले. ज्या मेजावर भाकर आणि प्याला ठेवतात त्या मेजाला हात टेकून म्हणाले.

आणि मी काय केलं? घरी आल्यावर बाबांच्या समोर बसले. त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं आणि म्हणाले, "बाबा, एक खेप म्हना ना, अंधार होता म्हनून. एकच खेप. मंग जलमभर खरं बोला."

बाबा म्हणाले, "अंधार नव्हता व माय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला आणखी राग आला. मी दोन दिवस त्यांना वाढलं नाही. ते स्वतः घेऊन जेवले.

खटला दीड वर्ष लांबला. तेवढ्या काळात गावातून बाबांकडं कापड येणं बंद झालं, वस्तीतूनही बंद झालं. बाजारात लोक त्यांच्या शेजारच्या टेलरकडं बसायचे. बाबांकडं फक्त बौद्ध वस्तीतले लोक येत राहिले. कधी कधी तर नुसतं उसवलेलं शिवायला, शिवण उसवलेली नसताना.

एकोणसाठच्या नोव्हेंबरात दारव्ह्याच्या कोर्टात बाबांची साक्ष झाली. मी मागच्या बाकावर बसले होते. कारकुनानं धर्म विचारला आणि कपाटातून एक बायबल काढून दिलं. पुठ्ठा निघालेला होता, वर धूळ होती. बाबांनी आधी सदऱ्याच्या बाहीनं ती धूळ पुसली. कोर्टातले काही लोक हसले. मग हात ठेवला.

समोरच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती, ते बौद्ध. तुमचा या भानगडीत काय संबंध?"

"मी त्या वाटेनं येऊन राह्यलो होतो."

"अंधार पडला होता, बरोबर?"

"नाही साहेब. सुईत दोरा ओवता आला असता येवढा उजेड होता."

त्यांनी तिघांपैकी दोघांना बोट दाखवून ओळखलं. तिसऱ्याचं तोंड दिसलं नव्हतं म्हणाले, म्हणून त्याला ओळखायला मात्र त्यांनी नकार दिला. आपल्या बाजूच्या वकिलांनी पुन्हा पुन्हा विचारूनही.

निकालात गड्याला कैद झाली. धाकटा पाटील सुटला. एवढं सगळं करून झालं ते एवढंच. मी कोर्टाच्या आवारात बाबांना म्हणाले, "भेटलं समाधान?" बाबा म्हणाले, "निकाल माह्या हातात नव्हता." आणि ते किसनकाकाला टांग्यात बसवायला गेले. त्याचा उजवा हात कोपरापासून वाकायचा तो कायमचा थांबला होता.

त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेब आले नव्हते, पण आदल्या आठवड्यात येऊन पंचांचं म्हणणं ऐकून गेले होते. दानियेल काका भाकरीचं ताट घेऊन रांगेनं आले. बाबांनी नेहमीसारखा हात पुढं केला. ताट त्यांच्यासमोरून पुढच्या माणसाकडं गेलं. बाबांचा हात थोडा वेळ तसाच होता, मग त्यांनी तो हळूच मिटून मांडीवर घेतला. का, ते त्यांना उपासनेनंतर सांगण्यात आलं. मंडळीत फूट पाडली म्हणून याकोब मंडळीबाहेर.

ताट बायकांकडं आलं. मला दिलं. आणि मी घेतलं. शमुवेल समोर बसला होता, माझं लग्न व्हायचं होतं, मी घेतलं. तो घास अजून माझ्या घशात आहे.

लग्न तरीही मोडलं. शमुवेल स्वतः सांगायला आला, नदीवर, मी कपडे धूत असताना. म्हणाला, "मले तुह्याशी काही वांधा नाही. पन आमचे बाबा आयकून नाही राह्यले." पुढच्या महिन्यात त्याची सोयरीक राळेगावकडच्या मुलीशी झाली. मी मामाला पत्र टाकलं.

बाबांना मामानं पुष्कळ आग्रह केला की तुम्हीही चला, तिकडं टेलरला काम मिळतं. बाबा म्हणाले, "मी गेलो तं लोकायले वाटन का याकोब चुकला म्हनून पळाला."

भिलाई म्हणजे तेव्हा लाल मातीचं रान आणि त्यात आखलेल्या सरळ रेघा. रेघांना सेक्टर म्हणायचे. पंजाबी, तेलुगू, मलयाळी, बंगाली, सगळे एका नळावर. तिथं कुणी कुणाची वस्ती विचारत नसे, पाळी विचारत असे, ड्यूटी कोणती, क्वार्टर कोणतं. मला दवाखान्यात आयाचं काम मिळालं. "दीदी" म्हणायला लागले सगळे. दोन वर्षांनी माझं लग्न मनोहरशी झालं. तो छत्तीसगढी ख्रिस्ती, क्रेन चालवतो, बोलतो कमी. आमची मुलं घरात हिंदी बोलतात, आजीशी छत्तीसगढी. भाकरीला रोटी म्हणतात. मी रागावले की मात्र तोंडातून वऱ्हाडी येते, म्हणून त्यांना वाटतं की मराठी ही फक्त रागवायची भाषा आहे.

लग्नाचा दिवस सोडला तर चार वर्षं मी देवळात गेले नाही. सासू हिंदी बायबल मोठ्यानं वाचायची, मी भांडी घासत असे. आईचा नवा करार ट्रंकेच्या तळाशी, बाबांनी गुंडाळलेल्या त्याच कापडात. बाबांचं महिन्याला एक कार्ड यायचं. त्यात ख्याली-खुशाली, पाऊसपाणी, मशीनचा पट्टा तुटला, किसनच्या घरी मुलगा झाला. मी कधी उत्तर देत असे, कधी नाही.

चौसष्ट साली वॉर्डात एक भाजलेला म्हातारा मजूर आला. पुसदकडचा, बंजारा. ठेकेदाराबरोबर रस्त्याच्या कामावर आला होता, डांबराचं पिंप अंगावर कलंडलं. वाचणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तिथं त्याची वऱ्हाडी समजणारं कुणी नव्हतं. मी पाणी पाजताना मराठीतून काहीतरी बोलले तर त्यानं माझं मनगट धरलं. म्हणाला, "बाई, बोलत राह्य. आपल्या तिकडचं कायबी बोल."

काय बोलणार? दोन दिवस मी कापूस, बाजार, नदी असं जमेल ते बोलले. मग बोलणं संपलं. माझ्या घरात मराठीत छापलेलं एकच पुस्तक होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते घेऊन गेले. त्याला म्हटलं, "हे आमच्या देवाचं हाये, चालन काय?" तो म्हणाला, "आपल्या बोलीत हाये ना. वाच."

मी वाचू लागले. सुरुवातीला नुसती वाचत होते, डोळे पुढं पळत होते, लहानपणी म्हणायचे तसं. तो म्हणाला, "सावकास." म्हणून सावकाश वाचलं. बोट ओळीवर ठेवून. तेव्हा ध्यानात आलं की मी बाबांसारखी वाचते आहे, आणि पहिल्यांदाच वाक्यात काय म्हटलं आहे ते मला कळतं आहे. आंधळ्याची गोष्ट होती, वाटेवर ओरडणाऱ्या. लोक त्याला गप्प बस म्हणतात ती. ते गप्प करणारे लोक कोण, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्यात मी माझंही तोंड पाहिलं.

म्हातारा पाचव्या दिवशी गेला. तोवर रोज दुपारी वाचलं. घरी जाऊन मी बाबांना कार्ड टाकलं. "वाचायला लागले आहे. तेव्हा स्टेशनावर बोलले ते बोलायला नको होतं." एवढंच लिहिता आलं.

बाबांचं उत्तर आलं, "कार्ड पोचले. मशीनचा पट्टा नवा आणला. आनंद झाला." आनंद पट्ट्याचा की माझ्या कार्डाचा, ते त्यांनी फोडून सांगितलं नाही. मी ते कार्ड इतक्यांदा वाचलं की मनोहरनं विचारलं, एवढं काय लिहिलंय त्यात.

जायचं जायचं म्हणत होते. दुसरं मूल पोटात, मग ते तान्हं, मग सासूचं आजारपण. सहासष्टच्या पावसाळ्यात बाबा गेल्याची तार आली. मी पोचले तेव्हा चार दिवस होऊन गेले होते.

बाबा ओसरीवर मशीनवरच गेले होते, सकाळी. शेजारच्या दारातून पाहिलं सगळ्यांनी. किसनकाका वस्तीत आला आणि दानियेल काकांना म्हणाला, खड्डा कुठं खणायचा सांगा, आम्ही खणतो. दानियेल काका म्हणाले, दफनभूमी मंडळीची आहे, याकोब मंडळीबाहेर आहे, पाळकसाहेबांना विचारल्याशिवाय जागा देता येत नाही. पाळकसाहेब यवतमाळला होते. पावसात कुणी सायकल काढली नाही. दुपार झाली.

दुपारनंतर किसनकाकानं लोक बोलावले आणि बाबांना बौद्धांच्या जागेत, नदीकाठी पुरायला नेलं. हे मला भागाकाकूनं सांगितलं, किसनकाकाच्या बायकोनं. त्यांना आपले विधी माहीत नव्हते. आपल्या पद्धतीनं करावं तर याकोबदादाचा देव वेगळा. शेवटी ठरलं की त्याच्या पुस्तकातलं वाचायचं. पण वाचणार कोण? आमच्या आठ घरांतून एकही माणूस आला नव्हता. तेव्हा किसनकाकानं पुस्तक घेतलं. तो दीक्षेनंतर कंदिलाखाली अक्षरं शिकलेला. डाव्या हातानं त्यानं पुस्तक उघडलं, बाबांनी कापडाची चिंधी घालून ठेवलेल्या पानावर.

ते पान वंशावळीचं होतं. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा तमका. बाबा कधी कुठला अध्याय गाळत नसत, वाचता वाचता ते क्रमानं तिथवर आले होते. किसनकाकाला वाटलं, मेलेल्या माणसासाठी हेच वाचत असतील, पूर्वजांची नावं. त्यानं सगळी वाचली. अक्षर अक्षर लावून, परक्या देशाची ती अवघड नावं, एकही न सोडता. भागाकाकू म्हणाली, "लई येळ लागला व बाई. पानी चालूच होतं. कोनी हाललं नाही. याकोबदादाचे इतके पुर्वज होते आमाले मालूमच नव्हतं."

मी तिच्या पदरात तोंड घालून रडले. मग उठले आणि दानियेल काकांच्या घरी गेले.

ते खाटेवर बसले होते. म्हातारे झाले होते. म्हणाले, "ये व पोरी. वाईट झालं. पन नियम होता."

मी विचारलं, "कोनत्या पुस्तकातला?"

कपाटात मखमलीचं गाठोडं दिसत होतं. मी म्हणाले, "तुमचं पुस्तक लई सोवळ्यात हाये काका. ज्याले हात धुवून हात लावता, त्याले एक खेप मळक्या हातानं वाचा. किसनकाकानं चिखलाच्या हातानं वाचलं." त्यांची सून रडू लागली. मी पाणी न पिता निघून आले.

आणि घरं? आठही तिथंच होती. पाटलानं एकाचंही कौल काढलं नव्हतं. जमिनीच्या कायद्याच्या धाकानं म्हणा, विसरला म्हणा, त्यानं नंतर कधी विषयच काढला नाही. ज्या भीतीपायी तुम्ही माझ्या बापाला जिवंतपणी जेवणाच्या मेजावरून आणि मेल्यावर मातीतून उठवलं, ती भीती कुणीच खरी करायला आलं नाही. खरी झाली असती तरी मी हेच लिहिलं असतं. पण झालीसुद्धा नाही.

तुमच्यातली दोन घरं आता भिलाईला आली आहेत. रविवारी भेट होते. परवा त्यांच्यातल्या एकानं उपासनेत उठून साक्ष दिली की आमच्या गावच्या मंडळीनं सत्यासाठी मोठा छळ सोसला. लोकांनी आमेन म्हटलं. मी बाहेर येऊन त्याला विचारलं, कुणी सोसला, नाव सांग. तो म्हणाला, "ताई, जुनं कायले उकरता?" सेक्टरमधल्या चांगल्या रस्त्यावर उभा राहून, इस्त्रीच्या शर्टात. मी उकरते, कारण तुम्ही त्यावर फरशी घालायला निघाला आहात.

हे मी अगदी शब्दशः म्हणते आहे. गेल्या महिन्यात शमुवेलचं पत्र आलं. तो आता पंच आहे. मंडळीनं ठराव केला आहे की याकोबरावांना (जिवंतपणी त्यांना राव कुणी म्हटलं नव्हतं) मंडळीत मरणोत्तर परत घ्यावं, त्यांची हाडं नदीकाठून काढून मंडळीच्या दफनभूमीत सन्मानानं पुरावी आणि वर नावाची फरशी बसवावी. मुलगी म्हणून माझी संमती हवी. अक्षर अजून सुरेख आहे त्याचं.

मनोहर म्हणाला, माफ कर, तुझ्या बाबांनी केलं असतं. कदाचित केलं असतं. बाबांनी ताट समोरून गेल्यावरही मरेपर्यंत दर रविवारी शेवटच्या सतरंजीवर जाऊन बसणं सोडलं नव्हतं, हे मला नंतर भागाकाकूकडून कळलं. मी अजून तिथवर आलेले नाही. मी रोज सकाळी ड्यूटीला जाण्यापूर्वी एक अध्याय वाचते, मराठीत, मोठ्यानं. मुलं जवळ बसतात, निम्मं समजतं निम्मं नाही. शत्रूवर प्रीती करण्याचा भाग आला की मी वाचते, गाळत नाही, पण माझा आवाज कोरडा होतो, आणि थोरल्या मुलीनं ते ओळखलं आहे. अंगाला लागायला वेळ लागणार. मी खोटं सांगणार नाही की लागलं.

गावाकडून आलेले लोक विचारतात, घरी कधी येता. आमचं घर पडलं, मशीन मी भागाकाकूला दिलं. क्वार्टर कंपनीचं आहे, नोकरी संपली की सोडायचं. मग घर म्हणून कुठं बोट दाखवायचं, याचा मी पुष्कळ विचार केला आणि शमुवेलला उत्तर लिहिलं. कार्डावर, उघडं, पोस्टमननंही वाचावं म्हणून.

"हाडांना हात लावू नका. मी पुढच्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन येणार आहे, तेव्हा किसनकाकाकडं उतरेन. बाबा आहेत तिथं त्यांना शेजार चांगला आहे."